एक मेला दूध देऊ नये

आमच्या टीममध्ये शुक्रवारी संध्याकाळी कुणी कोड प्रॉडक्शनला ढकलत नाही. कुठे लिहिलेलं नाही, पण नव्या मुलालाही आठवड्याभरात कळतं. त्यामुळे आयर्लंडच्या खेड्यांतले 'वाईट वार' वाचताना मला हसता येईना.

हे सगळं टिकलं ते शाळकरी मुलांमुळे. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५०,००० मुलांना कामाला लावलं: गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, वहीत उतरवा. त्या वह्या आता ऑनलाइन आहेत. शनिवारी घर बदललं की नव्या घरात मुक्काम टिकत नाही. २८ डिसेंबर ज्या वारी येईल, तो वार पुढे वर्षभर नव्या कामाला वर्ज्य. (हेरोदाने बेथलेहेममधली बाळं मारली, त्याच्या स्मरणाचा हा दिवस. धसका समजण्यासारखा आहे.) आणि सोमवारी थडगं खणू नये.

पण माणूस वार बघून मरत नाही. मग रविवारीच दफनभूमीत जाऊन मातीचं एक ढेकूळ उलटवून यायचं. काम 'कालच' सुरू झालं! हा वर्कअराउंड मला फार आवडला. नियमही राहिला, दफनही अडलं नाही. इथे ती समजूत खरी की खोटी, याने मला तरी फरक पडत नाही.

एक मेची गोष्ट वेगळी. त्या दिवशी दूध, लोणी, चुलीतला विस्तव घराबाहेर द्यायचा नाही. दिलं तर बरकतही जाते, मग वर्षभर कितीही घुसळा, लोणी येत नाही. लोणी विकून पैसा येणाऱ्या घरात ही भीती लहान नव्हती. पण सकाळी निखारा मागायला आलेल्या शेजारणीचं काय? तिची चूल खरंच विझलेली असेल. तरी संशय एकच: ही आपलं लोणी न्यायला आलीय.

सोमवारच्या नियमाची किंमत पाळणारा स्वतः भरतो, रविवारच्या एका फेरीने. एक मेची किंमत दारात उभी असलेली बाई भरते. आणि मागायला येते ती बहुधा जिच्याकडे कमी आहे तीच.

आमच्या शुक्रवारला कारण आहे: वीकेंडला काही बिघडलं तर दुरुस्तीला कुणी नसतं. लोणीवाल्यांकडेही कारण होतंच. एकदा आमच्याच बगमुळे एका ग्राहकाचे पैसे अडकले. दुरुस्ती दोन ओळींची, शुक्रवारी चार वाजता तयार. "सोमवारी करू," मीच म्हणालो. शनिवारी त्याचा मेसेज पुन्हा आला होता, घरभाडं द्यायचंय म्हणून. तो मी सोमवारी वाचला.