पायंडा कोणी पाडला?

हळदीकुंकवाच्या दिवशी नवरा गेलेली घरातली मावशी स्वयंपाकघरातच थांबते. थांब म्हणून कुणी सांगितलेलं नसतं. विचारलं तर उत्तर येतं, "आपल्यात असंच चालत आलंय." या वाक्यात कर्ताच नाही. मला भीती वाटते ती त्याची.

रुळलेल्या गोष्टींसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. आवडतं ती परंपरा, नावडतं ती रूढी. मुरलेला गवई म्हणताना आदर असतो, सोकावलेला गुंड म्हणताना संताप. कचेरीतला शिरस्ता, घरातला प्रघात, बांधावरची वहिवाट. शब्द निवडला की अर्धा निवाडा झालेला असतो. त्यातल्या त्यात 'रूढ' प्रामाणिक. उगवणं, वाढणं या अर्थाच्या 'रुह्' धातूपासून तो आला आहे; आणि जे उगवलं, ते त्याआधी कधीतरी नव्हतंच. 'पायंडा' तर आणखी उघड बोलतो. त्यात पाय आहे, म्हणजे पहिलं पाऊल टाकणारं कुणीतरी आहे.

'चालत आलंय' या म्हणण्याला एकदा कोर्टात पुरावा द्यावा लागला. महाड नगरपालिकेने 1924 मध्येच चवदार तळं सर्वांना खुलं केलं होतं, पण ते कागदावर. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तिथलं पाणी प्यायलं. त्या डिसेंबरात काही सवर्णांनी दावा लावला : अस्पृश्यांना इथे मनाई ही आमची अनादी वहिवाट आहे. खालच्या कोर्टापासून वरपर्यंत हा दावा जवळजवळ दहा वर्षं चालला. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसांना पाण्यापासून दूर ठेवणारा एवढा मोठा शब्द, पुरावा मागताच उभा राहू शकला नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने कोर्टाची वाटही पाहिली नाही. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. हाही पायंडाच, आणि तो कोणी पाडला हे ठरावात लिहिलेलं आहे.

तुमच्या घरी ठरावाची गरज नाही. येत्या संक्रांतीला मावशीला बाहेर बोलवा आणि पहिलं कुंकू तिला लावा.