धुऱ्यावरचा बांबू



समजा, आपल्या आसगावात दोन शेतकऱ्यांची वावरे एकमेकांना लागून आहेत. मधे फक्त एक धुरा. त्यांपैकी एकाने आपल्या बाजूला, धुऱ्याला अगदी खेटून, बांबूची दहा रोपे लावली. पहिली तीन-चार वर्षे कुणालाच काही वाटले नाही. पुढे बेटे जोमाने वाढली. शेजाऱ्याच्या बांधीवर सावली पडू लागली, मुळ्या जमिनीतली ओल ओढू लागल्या आणि त्या कडेचे धान दरवर्षी खुरटू लागले. शेवटी एके दिवशी शेजारी म्हणाला, "भाऊ, तुमचा बांबू माह्या बांधीत आला." उत्तर मिळाले, "मी त माह्याच जागेत लावला ना!"

दोघांपैकी कुणीही खोटे बोलत नाही. रोप खरोखरच स्वतःच्या जागेत लावले होते आणि नुकसान खरोखरच दुसऱ्याच्या जागेत झाले. मग चूक कुणाची? आणि अशा बाबतीत गावाने काही नियम करावा, की हा दोन शेजाऱ्यांचा आपसातला प्रश्न समजून सोडून द्यावा?

आधी बांबूवर अन्याय होऊ नये म्हणून थोडे त्याच्याविषयी. सगळे बांबू सारखे नसतात. काही परदेशी जातींची खोडे जमिनीखालून आडवी धावतात आणि लावल्या जागेपासून कितीतरी फूट दूर नवे कोंब काढतात. आपल्या विदर्भातले मानवेल आणि कटांग तसे धावणारे नाहीत. ते बेट करून राहतात आणि बेट दरवर्षी कडेने थोडे थोडे रुंद होते. म्हणजे आपला बांबू आक्रमक नाही. तो परकाही नाही. सूप, टोपली, ढोली, मांडवाचे खांब, पावसाळ्यातली वास्त्यांची भाजी, असे किती काही तो देतो! बुरूड बांधवांचे तर पोटच त्यावर चालत आले आहे. पण चांगली वस्तूही चुकीच्या जागी लावली की दुसऱ्याला जाचक होते.

आता कायद्याकडे पाहू. आपल्या देशात बांबूची गोष्ट उलट्या दिशेने घडली. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला 'झाड' या व्याख्येत बसवले. त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडून बाजारात न्यायचा, तरी शेतकऱ्याला परवान्यांची कटकट सोसावी लागे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले, आणि एप्रिल २०११ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेच्या हाती बांबू वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक आले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. पुढे २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'झाड' या व्याख्येतून बांबू हा शब्दच वगळला गेला. जंगलाबाहेरचा बांबू मोकळा झाला. शासनही आता बांबू लागवडीला उत्तेजन देते.

ही मोकळीक न्याय्यच होती. ज्याने लावले, वाढवले, त्याला ते तोडण्यासाठी हात जोडावे लागणे योग्य नव्हते. पण सरकारचा हात बाजूला झाला म्हणजे जबाबदारीच संपली असे नव्हे. पूर्वी प्रश्न होता, 'माझा बांबू मला तोडता येईल का?' आता प्रश्न आहे, 'माझा बांबू दुसऱ्याला किती सोसावा लागेल?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले. दुसऱ्याचे आपल्याला द्यायचे आहे.

अमेरिकेत धावणाऱ्या बांबूने शेजाऱ्याशेजाऱ्यांत इतकी भांडणे लावली, की कनेटिकट राज्याने २०१३ मध्ये त्यासाठी कायदा केला. त्या कायद्याने बांबू लावण्यावर बंदी घातली नाही. शेजाऱ्याच्या हद्दीपासून चाळीस फुटांच्या आत लावायचा तर जमिनीखाली अडसर घाला किंवा कुंडीत लावा, आणि तो हद्दीपलीकडे गेला तर नुकसान तुम्ही भरा, असे सांगितले. विकणाऱ्यावरही गिऱ्हाइकाला पूर्वसूचना देण्याचे बंधन घातले. यात एक शहाणपण आहे. नियम झाडावर नाही, हद्द ओलांडण्यावर आहे.

एवढ्या दूर कशाला जायचे? आपल्या तलावांकडेच बघा. बेशरम ही विदेशी वनस्पती कुंपणासाठी म्हणून लोकांनी लावली. गुरे तोंड लावत नाहीत, फांदी खोचली की जगते, आणखी काय हवे! पण तिचे तुकडे पाण्याबरोबर तलावात गेले आणि तिथे रुजले. भंडारा-गोंदियाचे कितीतरी तलाव बेशरमीने व्यापले. देशी वनस्पती मागे हटल्या, मासे कमी झाले, ढीवर बांधवांच्या जाळ्यात कमी येऊ लागले. पुढे काही गावांतल्या बायाबापड्यांनी चिखलात उतरून ती हातांनी उपटली. कुंपण एकाचे होते, तलाव साऱ्या गावाचा होता, आणि घाम गाळला तो ज्यांनी ती लावली नव्हती त्यांनी. लावणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. 'माझ्या जागेत मी काहीही लावीन' एवढाच त्यांचा विचार होता.

हा विचारच तपासायला हवा. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात खासगी मालकीचा हक्क ठामपणे मांडला. पण त्याच परिपत्रकात, मालकी असणे वेगळे आणि तिचा उपयोग कसा करायचा हे वेगळे, हेही त्यांनी सांगितले. जुन्या करारातल्या नियमशास्त्रात तर शेताच्या कडेविषयी दोन आज्ञा आहेत. एक, शेताच्या कडा पूर्ण कापून नेऊ नयेत, गरिबांसाठी आणि परक्यांसाठी काही राहू द्यावे. दुसरी, शेजाऱ्याच्या सीमेची खूण सरकवू नये. दोन्ही आज्ञा कडेविषयी आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते. वावराच्या मधोमध माणूस पूर्ण मालक असतो. धुऱ्याशी आला की त्याची मालकी पातळ होते, कारण तिथे दुसरा माणूस उभा असतो. रात्री दगड सरकवणाऱ्याला आपण चोर म्हणतो. धुऱ्यावरचे बेट दरवर्षी वीतभर सरकते, तेव्हा मात्र 'निसर्ग आहे' म्हणून हात झटकतो!

कुणी म्हणेल, शेजारधर्म असताना नियम कशाला? प्रेमाने सांगितले की झाले. हे बरोबर वाटते, पण पूर्ण बरोबर नाही. प्रेमाने सांगण्यासाठी बोलण्याची हिंमत लागते. शेजारी एकाच एकराचा धनी असेल, हंगामात त्याच बांबूवाल्याकडे मजुरीला जात असेल, त्याच्याकडून उसने घेत असेल, तर तो बोलणार नाही. दोन ओळी धान गेले तरी गप्प राहील. मोठ्या वावराला दोन ओळी म्हणजे काही नाही, लहान वावराला ते काही दिवसांचे जेवण आहे. त्याच्या गप्प राहण्याला आपण संमती समजतो. आधीच ठरलेला, सर्वांना सारखा नियम असेल तर अशा माणसाला तक्रार करावी लागत नाही, हात पसरावे लागत नाहीत. नियम शेजारप्रेमाच्या विरुद्ध नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्या बाजूने तो आधीच बोलून ठेवतो.

मात्र नियम माफक हवा. बांबूला पुन्हा परवान्याच्या कैदेत टाकणे कुणाच्याच हिताचे नाही. ग्रामसभेत बसून एवढे ठरवले तरी पुरे: धुऱ्यापासून अमुक अंतर सोडावे, शेजाऱ्याच्या बाजूला चर खणून मुळ्या थोपवाव्यात, पिकलेले बांबू वेळेवर काढावेत, हद्दीपलीकडे वाकलेले लावणाऱ्याने स्वतः छाटावेत, आणि जुन्या बेटांसाठी सवलतीची मुदत द्यावी. शेजाऱ्याचेही कर्तव्य आहेच. रागाच्या भरात रात्री बेट पेटवणे किंवा मुळाशी विष ओतणे हा न्याय नव्हे. आणि सूप-टोपलीला बांबू हवा, वास्ते हवेत, पण पाला नको, असेही चालणार नाही.

बंधु-भगिनींनो, या आठवड्यात एकदा आपल्या वावराच्या किंवा परसाच्या कडेने चालत जा. पण आपल्या बाजूने नव्हे. शेजाऱ्याला विचारून त्याच्या बाजूने चाला, आणि आपले झाड तिथून कसे दिसते ते पाहा. सावली कुठवर पडते, कोंब कुठे आलेत, कुठले धान पिवळे आहे. त्याने तक्रार करायची वाट पाहू नका. कोयता आपल्याच घरात आहे.