कचेरीबाहेरची पटकथा

पटकथा लिहायला बसलं की आधी धास्ती येते. आपल्या गावच्या गोष्टीत काय दम आहे, कोण बघणार, लोक हसले तर? मग माणूस नवी वही आणतो आणि पेन्सिलींना टोक काढत बसतो.

पौडला मुळशी तालुक्याची तहसील कचेरी आहे. त्यापेक्षा कामाच्या दिवशी सकाळी तिच्याबाहेर जरा उभं राहा. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला सातबारा, त्यावर भावाभावांची नावं. खरेदीखतासाठी आलेले एक काका, शेजारी कडक इस्त्रीतला एजंट त्यांच्यासाठी चहा सांगतोय. प्रत्येकाला काहीतरी हवंय आणि कुणीतरी आडवं आलंय. सुरुवातीला पटकथेला याहून जास्त लागत नाही.

लेखक-दिग्दर्शक प्रवीण तरडे मुळशीचेच. जमिनी विकल्या, पैसा उडाला, पोरं गुन्हेगारीत गेली, हे इथं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते लिहिलं. २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट आला. २०२१ मध्ये त्यावरूनच हिंदीत ‘अंतिम’ निघाला, सलमान खानसकट!

राहिली भीती. ती जात नाही, आणि माझं विचाराल तर पुरती जाऊही नये. पहिला खर्डा कच्चाच असतो. तो कुणाला दाखवायची घाई नको. आज एकच प्रसंग लिहा: सही करण्याआधी काकांनी एजंटाला काय विचारलं? आणि काकांना त्यांच्या बोलीतच बोलू द्या. भाषा पुणेरी करा असं कुणी म्हणालंच, तर तेव्हाचं तेव्हा बघू.