वाहत्या नदीवरची काटकसर

हजरत साद (रजि.) वुजू करत असताना पैगंबर साहेबांनी (स.) त्यांना पाण्याच्या उधळपट्टीबद्दल टोकले आणि वाहत्या नदीवरही ती उधळपट्टीच ठरवली, ही इब्न माजांच्या संग्रहातली हदीस आपल्या परिचयाची आहे. पण नदीवर सांडलेले पाणी नदीतच जाते. मग दोष कसला?

धरणाचे एक वेळ समजते. वाशीम शहराला पाणी पुरवणारा एकबुर्जीचा जलाशय चांगल्या पावसाळ्यानंतर, सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत, डोळे निववतो. पण ऑक्टोबरचे हे पाणी खरे तर मे महिन्याचे असते. आज सांडणारा एक, उद्या तहानणारा दुसराच.

त्या काठाने फिरताना आमचा शेतकरी मित्र म्हणाला, “सर, दोष सवयीचा. नदीवर सैल सुटलेला हात नळावर आवरत नाही.”

पटण्यासारखे आहे, पण पुरे नाही. जन्मभर नदीकाठीच राहिलेल्या, नळ कधी न पाहिलेल्या माणसाला मग ही हदीस लागू होत नाही काय? आमच्या मते होते. तिथे पाणी किती उरते याचा हिशेब नाही, वुजूला किती लागते याचा आहे. मित्र मात्र अजून सवयीवरच अडून आहे.