सारथ्याचा धर्म

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी येथील पार्थसारथी मंदिरात उत्सवमूर्तीच्या मुखावर बारीक व्रण आहेत आणि ते भीष्मांच्या बाणांचे आहेत, अशी भाविकांची श्रद्धा आहे. गाभाऱ्यातील मूळ मूर्तीच्या हाती शंख आहे, पण चक्र नाही, कारण शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा करून भगवंताने महाभारताच्या युद्धात केवळ सारथ्य पत्करले होते. ज्याने दुसऱ्याचा रथ हाकला आणि रथावर आलेले घाव स्वतःच्या मुखावर झेलले, त्या देवाच्या मंदिराभोवतीच्या वीथींत आज मोटारी आणि दुचाक्या इतक्या दाटीने उभ्या असतात, की पहाटे उंबऱ्यापुढे काढलेल्या कोलमच्या रांगोळीवर कुणाच्या तरी दुचाकीचे पुढचे चाक येते, आणि तुळशीची माळ घेऊन दर्शनाला निघालेल्या वृद्धेला पदपथ सोडून धावत्या रिक्षांच्या बाजूने वाट काढावी लागते.

याविषयी रहिवासी तक्रार करतात; परंतु रस्ता महानगरपालिकेचा आणि खटला भरण्याचा अधिकार रहदारी पोलिसांचा असल्यामुळे अर्ज दोन दफ्तरांच्या मध्ये घोटाळत राहतो. १६८८ साली स्थापन झालेली, भारतातील सर्वांत जुनी महानगरपालिका ज्या नगरात आहे, तेथेही अंमलबजावणीचा प्रश्न सुटलेला नाही. मला मात्र येथे व्यवस्थेच्या प्रश्नाच्या मुळाशी असलेला धर्माचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याच्या अपराधाबद्दल दाद मागणे, त्याला दंड व्हावा असे म्हणणे, हे परनिंदेच्या सदरात मोडते की धर्माचरणाच्या?

आपल्या परंपरेने परनिंदा त्याज्य मानली हे खरे, परंतु रस्ता अडवणे ही तिने कधीही खाजगी बाब मानली नाही. कौटिल्याने माणसांची आणि लहान जनावरांची वाट अडवणाऱ्यास बारा पण, तर मोठ्या जनावरांची वाट अडवणाऱ्यास चोवीस पण दंड सांगितला आहे. मनुस्मृतीने वाहनात बसलेल्याला वाट द्यावी असे सांगितले, पण त्याच श्लोकात नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा आणि स्त्री यांनाही तोच मान दिला. वाहनाचा मान ते चालू असताना वाट मिळण्याचा आहे. चालणाऱ्याची वाट व्यापून उभे राहण्याची मुभा त्यातून निघत नाही. आपल्या वाहनाचा भार आपण वाहावयाचा सोडून तो अनोळखी पादचाऱ्याच्या गुडघ्यांवर टाकणे, हे सारथ्याच्या धर्माच्या नेमके उलट आहे, आणि ज्याच्यावर तो भार पडतो त्याच्या वतीने बोलणे म्हणजे परनिंदा नव्हे.

तथापि तक्रारीलाही तिचा अधिकार सिद्ध करावा लागतो. शेजाऱ्याची मोटार उचलून न्यावी असे म्हणणारा गृहस्थ स्वतःच्या पाहुण्यांची मोटार त्याच कोपऱ्यावर उभी राहिली की पाच मिनिटांची सवलत मागतो. जवळच्या चेपॉकच्या क्रिकेट मैदानावर सामना असला की बाहेरून आलेल्या वाहनांविरुद्ध तोच हिरीरीने अर्ज करतो. अशा तक्रारीत रस्त्याची कळकळ नसून ममत्वाची हद्द राखण्याची धडपड असते. दफ्तराचा दोषही याहून निराळा नाही: वजनदार माणसाची गाडी दिसत नाही आणि भाजीवाल्याची हातगाडी लगेच दिसते. दोघांच्याही दृष्टीत आपपरभाव आहे, आणि जो दंड आपपरभावाने पडतो, तो मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या किरकोळ गुन्ह्याला शंभरावरून पाचशेपर्यंत नेला, तरी त्याने कुणाच्या मनात धर्मबुद्धी उपजत नाही.

चैत्रातील ब्रह्मोत्सवात देवाचा रथ निघतो तेव्हा याच वीथी मोकळ्या होतात, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करीत नाही. याचा अर्थ जागा नाही ही सबब अपुरी आहे. जागा देण्याजोगा कुणी येतो आहे, असे आपल्याला वाटावे लागते. भूतमात्रात तोच परमात्मा नांदतो हे आपण मानत असू, तर उत्सवाच्या दिवशी रथाला जी वाट आपण श्रद्धेने देतो, ती एरवी काठी टेकत येणाऱ्यालाही देणे लागतो. जो नागरिक आपली गाडी आधी हलवून मग अर्जावर सही करतो, त्याची तक्रार हे धर्मकार्य आहे, आणि तिची दखल घेणे हे राजधर्माचे कर्तव्य आहे.