चिमूटभर दाणे

आमच्या हिवरा आश्रमात खाऊ घालण्याला फार मोठी प्रतिष्ठा आहे. जानेवारीत विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो, तेव्हा लाखो माणसे ओळी धरून जमिनीवर बसतात आणि पुरी व वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढायला आणतात. हे दृश्य ज्याने वर्षानुवर्षे पाहिले, त्याच्या मनात अन्नदानाविषयी शंका शिरायला फटसुद्धा उरत नाही. पाहुणा आला की ताट, भिक्षेकरी आला की भाकर, गाय दारात आली की पोळी. नको म्हणणाऱ्याला आग्रह करून वाढणे हा आमच्याकडे दोष नाही, गुण आहे. अशा गावातल्या माणसाला कोणी सांगितले की, बाबा रे, तू खाऊ घालून जीव मारलास, तर त्याला ते कसे पटावे? मला ते पटायला तीन मासे मरावे लागले.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दसऱ्याच्या सुमारास अकोल्याला गेलो होतो, धाकटी बरोबर होती. एका दुकानाच्या दाराशी काचेच्या पेट्यांत रंगीबेरंगी मासे फिरत होते. धाकटी तेथून हलेना. मी स्वतः शाळकरी वयात मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय पाहून बाहेर पडताना मीही असाच दाराशी रेंगाळलो होतो, हे आठवले आणि माझा विरोध संपला. परंतु मत्स्यालय पाहून माणूस घरी जातो, मासे तिथेच राहतात. घरी आणलेल्या माशांची गोष्ट निराळी, हे त्या वेळी सुचले नाही. केशरी रंगाचे तीन गोल्डफिश, एक गोल काचेचे भांडे, मूठभर रंगीत खडे आणि दाण्यांची डबी घेऊन आम्ही एस.टी.त बसलो. दुकानदाराने सल्लाही दिला होता. रोज दोनदा दाणे टाका, पाणी गढूळ दिसले की बदला. एवढे सोपे काम कोणाला जमणार नाही?

दिवाळी आली. घर माणसांनी भरले. येणारा प्रत्येक जण भांड्यापुढे वाके, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करीत, आणि पाहुण्याला गहिवर येई. कोणी चिमूटभर दाणे टाकले, कोणी शेव चुरून घातली, एका भाच्याने अनारशाचा तुकडा टाकला. मी एकदा दबक्या आवाजात नको म्हटले, तर माझी आई म्हणाली, “काहून रे, सणासुदीचं त्या मुक्या जिवाईले उपाशी ठेवतं? पाह्य, कसे तोंड उघडतेत.” मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर मलाही ते तोंड उघडणे आवडत होते. मी दिसलो की मासे वर येतात, म्हणजे ते मला ओळखतात, याचा मला थोडा गर्वही झाला होता.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाणी दुधाळ झाले. घरात सगळे लख्ख असताना एवढे एक भांडे घाण कसे ठेवावे? मी सगळे पाणी ओतून दिले, भांडे घासले, खडे गरम पाण्याने चोळून धुतले आणि नळाचे ताजे पाणी भरले. मासे जणू अभ्यंगस्नान करून नव्या घरात आले. पाडव्याच्या सकाळी एक उताणा तरंगत होता. भाऊबीजेला उरलेले दोन.

धाकटी रडली नाही. तिने एवढेच विचारले, “बाबा, त्यांना त्रास होत होता, तर त्यांनी सांगितलं का नाही?”

मी जेमतेम मॅट्रिक झालेला माणूस. कादंबऱ्या लिहितो, पण त्यांत मी जे मरण लिहितो त्याचे कारण मला ठाऊक असते. या तीन मरणांचे कारण मला ठाऊक नव्हते, आणि ते मला स्वस्थ बसू देईना. मग जाणत्यांना विचारले, मिळेल ते वाचले. जे कळले ते थोडक्यात सांगतो, कारण वाचकांपैकी कित्येकांच्या घरी आज असे एखादे भांडे असेल आणि सणाला पाहुणेही असतील.

माशाचे अंग पाण्याइतकेच गरम असते. आपण खातो त्यातला मोठा वाटा अंग ऊबदार ठेवण्यात जळतो. माशाला तो खर्चच नाही. म्हणून त्याला थोडके लागते, आणि धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याचे बिघडत नाही. गोल्डफिशला तर खरे म्हणजे जठरच नसते; खाल्लेले साठवून ठेवायला पोटात जागा नाही. तो वर येऊन तोंड उघडतो ती भूकच असते असे नाही. सावली पडली की दाणे पडतात, ही त्याला लागलेली सवय आहे. कधी कधी तर पाण्यात प्राणवायू कमी पडला म्हणून तो पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. त्याचा जीव गुदमरत असतो आणि आपण त्याला मागणे समजून आणखी दाणे टाकतो!

न खाल्लेले दाणे कुजतात, त्यातून अमोनिया होतो. मासाही आपल्या कल्ल्यांवाटे अमोनियाच बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, पाच लिटरच्या भांड्यात जाईल कोठे? हे विष दिसत नाही. पाणी नितळ असले म्हणजे ते राहण्याजोगे असतेच असे नाही. लोणारचे सरोवर आमच्यापासून काही फार लांब नाही. त्याचे पाणी पाहायला सुंदर, पण त्यातल्या क्षारामुळे ते पिढ्यान्‌पिढ्या माशांवाचून राहिले, हे ठाऊक असूनही मला हे आधी सुचले नाही. त्यातून आमच्या भागातले बोअरचे पाणी जड आणि क्षारयुक्त. अशा पाण्यात आणि उन्हाळ्याच्या उष्म्यात अमोनियाचा जहाल अंश वाढतो. प्राणवायूचे उलट. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीस अंशांना सातच. गोल भांडे गळ्यापर्यंत भरले की हवेला टेकणारा पृष्ठभाग बशीएवढा उरतो. त्यात भारनियमन असले तर हवेचा पंपही मुका.

मला सर्वांत लागले ते पुढचे. या विषावर निसर्गाने उपाय ठेवला आहे. खड्यांवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजावर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्तीला येतात. काही अमोनियाचे नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचे नायट्रेट, आणि नायट्रेट माशांना बरेच सोसते. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. माझ्या भांड्यात ती जेमतेम बसू लागली असेल, तोच मी गरम पाण्याने खडे धुऊन ती साफ केली, आणि वरून नळाच्या पाण्यातला क्लोरीन घातला. म्हणजे पाहुण्यांच्या मायेतून मासे कदाचित वाचलेही असते. ते माझ्या स्वच्छतेतून वाचले नाहीत.

यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. उपेक्षाही नव्हती, उलट त्या चार दिवसांत त्या भांड्याकडे जितके लक्ष दिले गेले तितके एरवी कधी गेले नव्हते. मग चुकले कोठे? मला वाटते, आम्ही प्रत्येक जण माशाला तेच देत होतो, जे देताना आम्हाला बरे वाटत होते. गाय हंबरते, कुत्रे केकाटते, तान्हे मूल आकांत करते. आपल्या मायेचा अतिरेक झाला तर ते आपल्याला थांबवू शकतात. मासा थांबवू शकत नाही. २००३ साली स्कॉटलंडमधील संशोधकांनी ट्राउट माशाच्या डोक्यात वेदना टिपणारे मज्जातंतू दाखवून दिले. त्या वेदनेला आपल्यासारखी जाणीव असते का, यावर पंडितांचा वाद चालू आहे. तो चालो. धाकटीच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वादात मिळणारे नव्हते.

मास्तर असल्यामुळे एक वेगळाच विचार मनात आला आणि तो काही सुखाचा नव्हता. वर्गात प्रश्न न विचारणाऱ्या मुलाला मी वर्षानुवर्षे ‘समजले असेल’ म्हणून पुढचा धडा वाढीत आलो आहे. असो.

आपल्याकडे मासा पाळल्याची एक फार जुनी कथा आहे. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत इवलासा मासा आला. त्याने मनूला सांगितले, मला वाढव, मोठे मासे मला गिळतील. मनूने त्याला घागरीत ठेवले. घागर पुरेना तेव्हा खड्ड्यात ठेवले आणि शेवटी समुद्रात नेऊन सोडले. महाभारतात हीच कथा येते तेव्हा मध्ये मोठी विहीर आणि गंगाही येते. प्रलयात त्याच माशाने मनूची नाव ओढून नेली, हे आपण भक्तिभावाने ऐकतो, पण मला आता त्यातली घागर आठवते. मनूने माशाला काय खाऊ घातले, याचा त्या कथेत कोठेच उच्चार नाही. त्याने फक्त दर वेळी मोठे भांडे शोधले. गोल्डफिश वीतभर वाढतो आणि नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षे जगतो. इटलीतल्या मोंझा शहराने २००४ साली गोल भांड्यांत गोल्डफिश ठेवायला बंदी केली, तेव्हा पुष्कळांना हसू आले असेल. मला आले नसते.

मनूच्या माशाला बोलता येत होते, हा भाग निराळा.

मग मासे पाळूच नयेत का? हा प्रश्न मी टाळणार नाही. आई माळकरी. तिचे म्हणणे सरळ होते : “नको पाळू. अन् आणलेच तं कोराडीच्या धरणात नेऊन सोड. पुण्य लागंन.” पण मनूचा तो शेवटचा मार्गही आज आपल्याला मोकळा नाही. केशरी मासा धरणात सोडला तर पहिल्याच सकाळी खंड्याला दिसेल. आणि तगला तर आणखी वाईट : बाहेरचे मासे इथल्या पाण्यात माजले की इथल्या माशांचे अन्न आणि अंडी जातात. तिलापिया आणि परदेशी मागूर यांचा आपल्याकडचा अनुभव ताजा आहे. साधा गप्पी मासासुद्धा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खाते तो गावोगाव देते, पण तो साचलेल्या डबक्यात आणि टाक्यात सोडायचा, नदी-तलावात नव्हे. एकदा घरी आणलेला मासा परत पाठवायला जगात जागा नसते. न आणणाऱ्याला माझा नमस्कार. तो माझ्यापेक्षा शहाणा आहे. पण आणला, त्याला मग सुटका नाही.

मी पुन्हा आणले. यात धाकटीचा हट्ट किती आणि माझी प्रायश्चित्ताची हौस किती, हे मी अजून नीट सांगू शकत नाही. मात्र या वेळी आधी पेटी आणली : अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, तेवढीच उंच, शंभर लिटरच्या आसपासची. फिल्टर लावला आणि दीड महिना पेटी रिकामी ठेवली. त्या जिवाणूंची वस्ती बसावी म्हणून रोज त्या रिकाम्या पाण्यात दोन दाणे कुजायला टाकीत असे. मासे नसलेल्या पाण्याला दाणे घालणारा मास्तर पाहायला शेजारची मुले खिडकीत जमत. नंतर दोनच मासे आणले. दोन मिनिटांत संपतील एवढेच दाणे, तेही एकदा. दर रविवारी पाव हिश्श्याएवढे पाणी काढायचे. भरायचे पाणी बादलीत एक दिवस-रात्र उघडे ठेवायचे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. घाई असली तर फोटोवाले ज्याला हायपो म्हणत त्याचे दोन खडे. स्पंज धुवायचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच.

एप्रिल-मेमध्ये मात्र माझी मान खाली जाते. बाया डोक्यावर हंडे घेऊन टँकरपाशी उभ्या असतात आणि मी माशांसाठी पंचवीस लिटर पाणी बादल्यांत भरतो. काढलेले पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला घालतो. त्यातल्या नायट्रेटमुळे झाडे तरारतात, पण हे उत्तर मलाच पुरे वाटत नाही. गेल्या उन्हाळ्यात मी दाणे निम्म्यावर आणले. दाणे कमी, म्हणजे घाण कमी, म्हणजे पाणी कमी. मासे होते तसेच राहिले. आईला मात्र ते अर्धपोटी ठेवणे पाहवेना. घरातल्या कोणाचे नसेल तेवढे तिचे लक्ष त्या पेटीकडे असे, आणि पदराआड दाण्यांची डबी आहे की काय, असा मला संशय असे.

शेवटी मी तिला सांगितले की, जाणते लोकसुद्धा आठवड्यातून एक दिवस माशांना काहीच घालत नाहीत. त्याने त्यांची आतडी मोकळी होतात. ती बराच वेळ पेटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “असं सांग ना मंग. उपास हाय त्याईचा.”

तेव्हापासून डबी तिच्याच ताब्यात आहे. दाणे ती मोजून टाकते आणि दोन्ही एकादश्या न चुकता पाळते, स्वतःच्याही आणि माशांच्याही. मधल्या आठवड्याची आठवण धाकटी करून देते. परवा रमा एकादशीला दिवाळीचे पहिले पाहुणे आले. त्यांतला एक लहान मुलगा पेटीपुढे उभा राहिला, मासे वर आले, आणि त्याने हातातली शेव चुरली. आईने उठून त्याचा हात धरला. शेव त्याच्याच तोंडात घातली आणि त्याला आपल्याजवळ पाटावर बसवून घेतले. दोघे कितीतरी वेळ नुसते पाहत बसले होते.