जाणत्याचा दंड

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव मराठी वाचकास परिचित असते, ते बहुधा एका आडनावामुळे. विचारवंत नरहर कुरुंदकरांचा जन्म 1932 साली नांदापूरला झाला आणि आयुष्य नांदेडला अध्यापनात गेले. पण कुरुंद्याचे नाव त्यांच्याबरोबर महाराष्ट्रभर फिरले. मनुस्मृतीचे परखड विवेचन करताना ज्या विषमतेवर त्यांनी बोट ठेवले, ती तिच्या आठव्या अध्यायात स्पष्टच आहे: ब्राह्मणास शिवीगाळ करणाऱ्या क्षत्रियास शंभर ‘पण’ (नाणी) दंड, क्षत्रियास शिवीगाळ करणाऱ्या ब्राह्मणास पन्नास, आणि शूद्रास केली तर अवघे बारा.

तथापि त्याच अध्यायात याच्या अगदी उलट जाणारा एक नियम आहे. चोरीचे पाप शूद्रास आठपट, वैश्यास सोळापट, क्षत्रियास बत्तीसपट आणि ब्राह्मणास चौसष्टपट किंवा त्याहूनही अधिक, कारण तो गुणदोष जाणतो. आणि सामान्य माणसास जेथे एक कार्षापण दंड, तेथे राजास एक सहस्र. ज्ञान आणि अधिकार यांनी अपराध सौम्य होत नाही, तो वाढतो, असा हा उदात्त विचार आहे. तो पोथीतच का राहिला, याचे उत्तर मनुस्मृतीच्या भाष्यकारांनी नकळत देऊन ठेवले आहे: राजाने स्वतःचा दंड स्वतःच भरावा आणि तो पाण्यात सोडावा, असे ते म्हणतात. फिर्याद ऐकणारा, निवाडा करणारा आणि आरोपी हे तिघे एकच असले, म्हणजे न्याय केवळ त्या एकाच्या सद्बुद्धीवर लोंबकळत राहतो.

कुरुंद्याच्या परिसरास हा अनुभव पोथीतून घ्यावा लागला नाही. हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. त्या संस्थानात 1921 सालीच न्यायखाते अंमलदारांच्या हातून वेगळे काढण्यात आले होते, आणि ही सुधारणा कागदोपत्री ब्रिटिश हिंदुस्थानलाही लाजवणारी होती. परंतु ती फर्मानाने आली होती, आणि फर्मान काढणाऱ्यास बांधून ठेवील असे त्यात काही नव्हते. म्हणूनच 1947-48 मध्ये निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांनी रयतेत धुमाकूळ घातला, तेव्हा अदालतींच्या इमारती जागेवर होत्या, न्याय मात्र नव्हता. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील होता. आणि या अत्याचारांच्या निषेधार्थ न्यायालयांवर बहिष्कार घालणाऱ्या वकिलांचे नेतृत्व करणारे विनायकराव विद्यालंकार हेही कायद्याचेच पंडित. विद्या एकच, पण एकाने तिच्यावर स्वार होऊन सत्ता मिळवली आणि दुसऱ्याने तिच्यासाठी स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडले.

पुढे रझवीवर खटला चालला. त्याच्यासाठी नेमलेली विशेष न्यायव्यवस्था समानतेचा भंग करते, अशी तक्रार त्याने राज्यघटनेच्या 14 व्या कलमाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. 1953 साली ती बहुमताने फेटाळली गेली. पण पाचांपैकी दोन न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने मत दिले. ज्याने इतरांना कायद्याचे छत्र नाकारले, त्यालाही ते नाकारायचे की नाही याचा इतका गंभीर विचार व्हावा, यातच फर्मानाचे राज्य आणि कायद्याचे राज्य यांतील अंतर आहे.

यावरून वकिलीच्या नीतीचा उलगडा होतो. समाजास अप्रिय अशा आरोपीचे वकीलपत्र घेणे हा अधर्म नव्हे, ते कर्तव्यच आहे. बनावट दस्तऐवजाकडे डोळेझाक करणे, साक्षीदार पढवणे, पक्षकार थकावा म्हणून तारखांवर तारखा मागणे, हा मात्र अधर्म. 1961 च्या वकील अधिनियमाने सनदधारकाच्या गैरवर्तनाची चौकशी करून सनद काढून घेण्याची तरतूद केली आहे, आणि ही चौकशी वकिलांच्याच परिषदेकडे सोपवली आहे. म्हणजे स्वतःचा दंड स्वतःच ठरवण्याची जुनी अडचण येथेही उभीच आहे. फरक इतकाच, की या निवाड्यावर वर अपील चालते आणि दंड पाण्यात सोडून मोकळे होता येत नाही. शेत गहाण टाकून वसमतच्या न्यायालयाची पायरी चढणाऱ्या माणसास कलमे ठाऊक नसतात; ती वकिलास ठाऊक असतात, आणि म्हणून तेथे होणाऱ्या प्रत्येक लबाडीचे माप चौसष्टपटीनेच घ्यावयास हवे.